आक्काला आणायची जीप

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी जीपची पूजा केली. दर वर्षी करतो. बॉनेटवर हळद-कुंकू, पुढच्या जाळीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. लिंबू नावापुरतं, कारण चाक काही फिरत नाही. पूजा आटोपली की माझी बायको आशाबाई तेच लिंबू उचलते, धुते आणि वरणात पिळते. जीप कापसाच्या शेडमध्ये उभी आहे त्याला बरीच वर्षं झाली. कोंबड्या तिच्या मागच्या सीटवर अंडी घालतात. घरात त्यांना 'गाडीची अंडी' म्हणतात.

दुपारी आक्काला फोन लावला. जयवंता आक्का माझी थोरली बहीण. पैनगंगेपलीकडे, कोरपन्याच्या पुढं तिचं सासर. नमस्कार सांगितला आणि नेहमीप्रमाणे म्हटलं, "आक्का, यंदा दिवाळीले माहेरी येऊन जा ना. हर्षदीपची कार हाय दारात, तो सोडून देईन."

हर्षदीप तिचा मुलगा.

"मले बंद गाडी लागते, यशवंता. बसली का ओकाऱ्या. तुले मालूम नाई का?"

"मंग बसनं ये."

"बसमंधी पाय ठेवला का पोटात ढवळते." मग म्हणाली, "तुही जीप होती तवा बरं होतं. तू आणाले यायचा, मी समोर बसायची. मस्त वारं लागे तोंडाले. आता जीपबी गेली अन्..."

पुढचं ऐकू आलं नाही. नदीजवळ रेंज जाते.

फोन ठेवला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. आक्का एवढी वर्षं माहेरी का येत नाही? माझ्या मुलाला, करणला कार देऊन पाठवलं, त्याला तिनं चहा पाजून रिकामा परत धाडला. एकदा भाड्याची गाडी पाठवली, तीही रिकामी आली. मी कापसाच्या धांदलीत असायचो, मला वाटायचं ती रुसली. रुसवा कसला? दोष पोटाचा! उघड्या जीपशिवाय तिला दुसरं वाहन सोसतच नाही. मोटारसायकलवर बसावं तर गुडघा वाकत नाही. वय शहात्तर. पुढच्या किती दिवाळ्या हाती आहेत, कुणी सांगावं.

ठरलं. भाऊबीजेला आक्का माझ्या घरी, माझ्या जीपमधून.

संध्याकाळी मारोती गुरुजी सोनं द्यायला आले. शाळेतून रिटायर झाल्यापासून ते मलाच विद्यार्थी समजतात. बेत ऐकून म्हणाले, "यशवंतराव, जीप चालू कराची का तिले जिवंत कराची?"

आशाबाई आतून म्हणाली, "गुरुजी, त्याइले अडवू नका. दिवाळीपरेंत शेडमंधी राह्यले तर माहं घर सारवून होईन."

५ ऑक्टोबर, रविवार

बॉनेट उघडलं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण विहिरीची मोटर, फवारणीचा पंप, शिलाई मशीन हे सगळं मी स्वतः उघडून शिकलो आहे. उघडलेलं परत चालू झालं नाही असं आशाबाई म्हणते. तिचा राग फक्त शिलाई मशीनचा आहे, तो ती सगळीकडे लावते.

मला समजलं ते असं. डिझेल इंजिनाला खायला दोनच गोष्टी लागतात, हवा आणि डिझेल. हवा एका डब्यातून गाळून येते, डिझेल दुसऱ्या डब्यातून गाळून येतं. आत दोघांची गाठ पडली की चाक फिरतं. कुठं अडलं तर हे दोन रस्ते तपासायचे. बाकी लोखंडाला काही होत नाही.

हवेचा रस्ता तपासला. रबराचा जाड पाइप काढला तर आत उंदरीण बाळंत झालेली. कापूस, ज्वारीचं भूस, करणच्या शाळेतला एक मोजा आणि त्यावर चार गुलाबी पिल्लं. मी झाडू शोधायला लागलो तर आशाबाई कमरेवर हात देऊन उभी.

"आधी त्याइले घर द्या, मंग तुमची जीप."

"अवं, उंदरं होत थे. आपला कापूस खातेत."

"मंग काय झालं? दिवाळीच्या तोंडावर लेकुरवाळीले बाहेर काढान का?"

टोपलीत नवा कापूस घालून पिल्लं शेडच्या कोपऱ्यात ठेवली. अर्धा दिवस त्यातच गेला. संध्याकाळी उंदरीण येऊन पाहून गेली, तिला जागा पसंत पडली असावी.

८ ऑक्टोबर

एस.टी.नं, म्हणजे आमच्या इकडच्या आर.टी.सी.नं आदिलाबादला गेलो. स्पेअर पार्टच्या दुकानात जुना हवेचा फिल्टर काउंटरवर ठेवला. दुकानदारानं तो उचलला तसा त्याच्या शर्टावर भूस सांडलं.

"चाचा, ये गाडी अभी जिंदा है?"

"जिंदा है. बस साँस नहीं ले रही."

हे मी फार छान बोललो असं मला बसमध्ये बसल्यावरही वाटत होतं.

हवेचा नवा फिल्टर, डिझेलचे दोन फिल्टर, टाकीपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप, आणि डिझेल ओढायचा फीडपंप असं सगळं घेतलं. तांब्याचे वॉशर त्यानं वर घातले. हे सगळं फोनवरच्या व्हिडिओत एक सरदारजी बसवून दाखवतात. माणूस गोड आहे. दर वाक्याला 'घबराना नहीं' म्हणतो.

९ ऑक्टोबर

हवेचा फिल्टर बसवला. आज जे सुचलं ते लिहून ठेवतो.

नवा फिल्टर कागदाचा असतो, पांढराशुभ्र, साडीच्या निऱ्यांसारख्या घड्या घातलेला. त्याच्यावर जाड काचेसारखं प्लास्टिक, प्लास्टिकवर इंग्रजीत काहीबाही आणि एक लाल बाण. आता विचार करा. कापूस वेचणी सुरू आहे, हवेत नुसती म्हातारी उडते. बेल्याच्या रस्त्याला ट्रकांची धूळ. एवढी पांढरी वस्तू अशात उघडी ठेवली तर आठ दिवसांत तिचं पायपुसणं होणार. आपल्याकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक कुणी लगेच काढत नाही आणि त्यात शहाणपण आहे. करणनं आणलेल्या फ्रीजच्या दारावरचा कागद मी अजून निघू दिला नाही, म्हणून फ्रीज कालच आणल्यासारखा दिसतो. टीव्हीचा रिमोट पिशवीत आहे, म्हणून त्याचे आकडे वाचता येतात.

मधल्या भोकाजवळ ब्लेडनं प्लास्टिक गोल कापलं, हवा जायला. बाकीचं प्लास्टिक चारी बाजूंनी घट्ट ओढून रबरबँड लावलं आणि फिल्टर तसाच डब्यात ठेवून झाकणाच्या क्लिपा लावल्या. फिल्टर इंजिनाला सांभाळेल, प्लास्टिक फिल्टरला सांभाळेल. हे त्या सरदारजींनाही सुचलेलं नाही. व्हिडिओखाली लिहून कळवावं असं मनात आहे, पण उगाच मोठेपणा नको.

११ ऑक्टोबर, शनिवार

चालू झाली!

नवी बॅटरी लावली, किल्ली फिरवली, घर्र घर्र घर्र, आणि एकदम धडधडली. कोंबड्या उडाल्या. आशाबाई पिठाच्या हातानं धावत आली. मारोती गुरुजी चष्मा पुसत आले. मी पाना शोधायचं निमित्त करून खाली वाकलो.

मग ॲक्सिलरेटर दाबला. मागून काळा धूर निघाला, असा की गुरुजी दिसेनासे झाले. धूर विरला तेव्हा शेडसमोरच्या भिंतीवर, जी आशाबाईनं परवाच दिवाळीसाठी पांढरी केली होती, परातीएवढा काळा सूर्य उगवला होता.

"हे काय केलं वो?"

"इंजिन साफ होऊन राह्यलं. आतली घाण बाहेर पडते."

"आतली बाहेर पडली, अन् बाहेरची आत कोन नेणार? मीच ना?"

गुरुजी म्हणाले, "वहिनी, पुसू नका. जीपची सही होय थे."

शेडमधून बाहेर काढली तर ओढ नाही. पहिल्या गिअरमध्येही म्हाताऱ्या बैलासारखी मान खाली घालून चालते आणि धापा टाकते. हवेचा फिल्टर नवा आहे, म्हणजे तो रस्ता चोख. दोष डिझेलच्या रस्त्यात.

१२ ऑक्टोबर, रविवार

डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले. जुन्यातून जो गाळ निघाला तो पाहून आशाबाईला मळमळलं. रबरी पाइप हातात घेतला तसा भाकरीसारखा मोडला. म्हणजे माझं निदान बरोबर.

हे बदलल्यावर पाइपात हवा शिरते, ती काढावी लागते. एकानं छोटा हातपंप दाबत राहायचा आणि दुसऱ्यानं ढिल्या केलेल्या स्क्रूजवळ डिझेलचे बुडबुडे पाहायचे. बुडबुडे थांबले की स्क्रू कसायचा. आशाबाईला पंपावर बसवलं.

"किती वेळ दाबू?"

"बुडबुडे थांबेपरेंत."

"थांबले का?"

"एक राह्यला."

"तो एक तुमच्या चष्म्यावरचा थेंब होय. मले इथून दिसते."

खरंच होता. पण तिनं ते अर्धा तास आधी सांगायला हवं होतं.

पुन्हा चालू केली. धूर तेवढाच. भिंतीवर दुसरा सूर्य.

१४ ऑक्टोबर

करणचा हैदराबादहून फोन. "बाबा, तुमी कशाले अंगावर घेऊन राह्यले? मी दिवाळीले कारनं येतोच हावो, येताना आत्याले घेऊन येतो."

मी आशेनं आक्काला विचारलं. ती म्हणाली, "नको रे बाबा. बंद गाडी मले लागते."

बरं झालं विचारलं. आता शंका उरली नाही.

आक्का रोज फोन करते. पहिल्यांदा विचारते, जेवला का. मग विचारते, जीप कुठवर आली. मी तिला फीडपंप, बुडबुडे, वॉशर सगळं सविस्तर सांगतो. ती नुसतं 'हो, हो' करत शेवटपर्यंत ऐकते. काल तर मी थांबलो तेव्हा म्हणाली, "सांग अजून." आक्काला इंजिनाची एवढी गोडी असेल असं कधी वाटलं नव्हतं. बायकांना मशीनरीतलं कळत नाही असं म्हणणारे मूर्ख आहेत.

१६ ऑक्टोबर

फजिती झाली.

फीडपंप बदलून जीप गावाबाहेर काढली. सपाट रस्त्यावर ठीक होती. नाल्याच्या चढावर धाप लागली, काळा धूर सुटला आणि मधोमध बसली. मागं कापसाच्या बंड्यांची रांग. पहिल्या बंडीवाल्यानं बैल सोडले, दोर काढला आणि जीपला बांधला. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या वडलांनी हीच जीप आणली तेव्हा बैल तिला पाहून बुजले होते. आज ते तिला ओढताना मागं वळूनसुद्धा पाहत नव्हते.

गावात शिरताना गुरुजी पारावर होते. उठून उभे राहिले.

"यशवंतराव, मायलेज काय देऊन राह्यली?"

मी म्हटलं, "दोन पेंढ्यांत घरापरेंत."

हसण्यावारी नेलं, पण घरी येऊन ओट्यावर बसलो तो उठावंसं वाटेना. भाऊबीज आठवड्यावर आली. आक्काला वचन देऊन बसलो. आज तिचा फोन आला तो घेतला नाही. आशाबाईनं घेतला. म्हणाली, "हो आक्का, जेवले. हो, येतेत. येतेत म्हटलं ना, तुमी बॅग भरा." मी तिच्याकडे पाहिलं तर मलाच म्हणाली, "पाहता काय? आता तर चालू कराच लागन."

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

सगळं पुन्हा खोललं. हवेचा डबा, डिझेलचा डबा, पाइप, सगळे सांधे. एक एक भाग कापडानं पुसून ओट्यावर उन्हात मांडला. नव्या फिल्टरवर प्लास्टिक होतं म्हणून त्याला एक डागसुद्धा नव्हता, तेवढंच समाधान. बारकाईनं पाहताना फीडपंपाच्या बोल्टखालचा तांब्याचा एक वॉशर सापडला, किंचित वाकडा. नखानं तपासलं. नख अडकलं. चोर सापडला! नवा वॉशर डबीतून काढून उशीजवळ ठेवून दिला, उद्या बसवतो.

जेवून जरा आडवा झालो तर डोळा लागला. उठून पाहतो तर आशाबाईनं ओट्यावरचं सगळं आवरलेलं. म्हणे, सडा टाकायचा होता. हवेचा फिल्टर तिनं स्वतःच डब्यात बसवून झाकणही लावलं होतं. मी नुसत्या क्लिपा कसल्या. बाईला माझ्या कामाची कदर यायला लागली.

संध्याकाळी ती आक्काकडे न्यायचा चिवडा भरत होती. चांगली जाड पिशवी, गोल कापलेल्या तोंडाला रबरबँड.

"ही पिशवी कुठून आणली?"

"घरातच पडून होती. धुऊन घेतली. एवढी चांगली चीज तुमी कुठंबी फेकता."

पिशवीवर लाल बाण होता. अशी पिशवी कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं, पण आजकाल सगळ्याच पिशव्या सारख्या दिसतात.

१९ ऑक्टोबर, रविवार

तांब्याचा वॉशर बसवला आणि काय सांगू! धूर नाही. धाप नाही. नाल्याचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढली. वर गेल्यावर मी मुद्दाम उतरलो, खाली आलो आणि पुन्हा चढवली.

एवढासा वॉशर, आपल्या करंगळीच्या नखाएवढा, आणि एवढं मोठं इंजिन त्यानं धरून ठेवलं होतं. पारावर थांबून गुरुजींना तासभर समजावून सांगितलं. वॉशर वाकडा, म्हणून हवा आत, म्हणून डिझेल कमी, म्हणून धूर जास्त.

"डिझेल कमी तर धूर जास्त कसा?" गुरुजींनी विचारलं.

मी म्हटलं, "गुरुजी, हे पुस्तकात नाई भेटत."

त्यांनी मान हलवली. पटलं असावं.

आक्काला कळवलं. तिनं तारीख पक्की करून घेतली. मग म्हणाली, "तूच येशीन ना? का कोनाले पाठवशीन?"

मी म्हटलं, "ही जीप दुसऱ्या कोनाच्या हातानं चालत नाई आक्का, तिचे नखरे मलेच मालूम."

"बरं," ती म्हणाली. "बरं झालं."

२२ ऑक्टोबर, पाडवा

आज जे झालं ते सगळं लिहायला हात चालत नाही, पण लिहितो.

सकाळी अंघोळ करून, टोपी घालून निघालो. मागची सीट धुतली होती. एक कोंबडी हटायला तयार नव्हती, तिला आशाबाईनं उतरवलं. पैनगंगेच्या पुलावर वारा तोंडावर आला तेव्हा मी मोठ्यानं गायलो. काय गायलो ते आठवत नाही. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून बरं.

आक्काच्या दारात जीप उभी केली. आक्का ओट्यावर बसलेली. धुवट नऊवारी, चोपून विंचरलेले केस, मांडीवर कापडी पिशवी. तिची सून दीपमाला बाहेर आली.

"मामा, कालपासून आई अशाच बसून हायेत. मी म्हटलं, मामा उद्या येणार. तर म्हनतेत, मुराळी लवकर आला अन् मी मोरीत असली तर?"

मुराळी म्हणजे माहेरहून बहिणीला न्यायला येणारा. आता हा शब्दच कुठं ऐकू येत नाही, पोरी स्कूटी काढतात आणि माहेरी जाऊन येतात. मी तर ही पद्धत विसरूनच गेलो होतो.

जीप घासूनपुसून आणली होती, पण आक्कानं तिच्याकडे पाहिलंच नाही. नजर कमी झाली असेल. माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "वाळला रे यशवंता."

चहा झाला, जेवण झालं. पिशवी जीपमध्ये ठेवली, आक्काला दोघांनी उचलून समोर बसवलं. किल्ली फिरवली. घर्र घर्र. पुन्हा. घर्र. मग घर्रही मंद होत गेलं.

वॉशर तपासला. हवा काढली. हर्षदीपनं पंप दाबला, मी बुडबुडे पाहिले. नुसते बुडबुडेच येत होते, डिझेलचा थेंब नाही. पाइप ओढतच नव्हता. डिझेलचा काटा बरोबर अर्ध्यावर होता. काल होता तिथंच, परवा होता तिथंच. म्हणजे टाकीत डिझेल भरपूर.

ऊन कललं. मी जीपच्या पायरीवर बसलो. आक्का समोरच्या सीटवर तशीच बसलेली, पिशवी मांडीवर. एवढं नवं सामान घातलं, एवढी भिंत काळी केली आणि तिला तिच्याच दारात बसवून ठेवलं. माझ्यानं तिच्याकडे पाहवेना.

"आक्का, उतर. माह्यानं नाई झालं. तुले न्याची लय हौस होती, पन..."

आक्का एका हातानं दांडा धरून खाली उतरली, कुणाचा हात न धरता. "हर्षा, तुही कार काढ."

हर्षदीप बघतच राहिला. "आई, तुले तर बंद गाडी..."

"काढ म्हटलं ना. भाऊ सकाळपासून येऊन बसला, मी त्याले रिकामा पाठवू का?"

मी म्हटलं, "आक्का, ओकाऱ्या होतीन. एवढा हट्ट नको करू."

"तू माह्या जवळ बस मांगं. होईन ते होईन."

बसलो. काचा बंद, आत थंडगार, कसलासा सेंटाचा वास, हर्षदीपनं गाणी लावलेली. मी सारखा आक्काकडे पाहत होतो. ओकारीसाठी एक पिशवी तयार ठेवली होती. ती खिडकीतून कपाशीची शेतं दाखवत होती. "यंदा बोंडं चांगले हायेत रे." कोरपना गेलं, पूल गेला. बेल्याच्या अलीकडे खड्डे लागले आणि तो सेंटाचा वास माझ्या डोक्यात शिरला.

लिहायला लाज वाटते. ओकारी मला झाली. दोनदा. दुसऱ्या वेळी पिशवीही पुरली नाही.

रस्त्याच्या कडेला आक्का माझं कपाळ धरून उभी होती. कनवटीतून लिंबाची फोड काढून माझ्या तोंडात घातली. "लहानपनी बंडीतबी तू असाच करायचा. जत्रेतून येताना बाबाइच्या धोतरावर केलं होतं."

हे मला अजिबात आठवत नाही.

घरी पोचलो तर आशाबाई भाकरीचा तुकडा ओवाळायला दारात उभी. माझा चेहरा पाहिला, आक्काचा पाहिला, तुकडा हातातच राहिला.

"आक्का, तुमाले नाई लागली गाडी?"

"लागते ना." आक्का उंबऱ्याआत पाय टाकत म्हणाली. "एकटीले लागते."

आशाबाईनं तुकडा ओवाळून फेकला आणि पदर डोळ्याला लावला. का ते मला समजलं नाही. असं पोटाचं दुखणं एकटं असलं की होतं आणि दुकटं असलं की होत नाही, हे मी कधी ऐकलं नव्हतं. आदिलाबादच्या डॉक्टरला विचारावं लागेल.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आक्कानं मला ओवाळलं. पाटावर बसताना पोटात अजून ढवळत होतं, म्हणून करंजी एकच खाल्ली. हैदराबादहून आलेल्या करणलाही तिनं जवळ बसवून भरवलं. घरात हसणं-बोलणं, अंगण भरल्यासारखं. आक्का मग सगळ्या घरात फिरली. विहिरीवर गेली, शेडमध्ये गेली, कोपऱ्यातल्या टोपलीतली उंदरं पाहिली. भिंतीवरचे काळे सूर्य पाहून विचारलं, हे काय? मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. कौतुकानं ऐकत होती.

दुपारी हर्षदीपचा फोन, तो कालच घरी परतला होता. मी हात धुवत होतो म्हणून आक्कानं घेतला. तिचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"काय म्हनतं? ... डिझेलच नव्हतं? ... टाकून पाह्यलं? ... एका किल्लीत?" मग इकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "बरं. बंद कर तिले अन् उभी राहू दे. मामाले काई सांगू नको. मी सांगन तवा सांग."

मी हात पुसत आलो. "काय म्हने हर्षा? डिझेलचं काय?"

"काई नाई. डिझेल महाग झालं म्हनते."

"अन् जीप?"

"नाई चालू झाली म्हनते."

मला वाटलंच होतं. खोल बिघाड आहे, वरवरचा नाही. मी म्हटलं, "आक्का, उद्या सामान घेऊन जातो अन् दोन दिवसात तिले उभी करतो. मंग त्याच जीपनं तुले मीच घरी सोडतो. तवापरेंत तुले इथंच राहा लागन, चालन ना?"

आक्कानं पानाचा डबा जवळ ओढला आणि पाय पसरून, भिंतीला टेकून बसली.

"दोन दिवसात काय होते? मोठं काम होय ते. हवेचं पाह्य, डिझेलचं पाह्य, पाइप पाह्य, तो वॉशर काय म्हनतं तो पाह्य. सगळं बदल. घाई नको करू." सुपारी कातरता कातरता म्हणाली, "चांगले पंधरा दिवस लाव."

आशाबाई आत गेली आणि मोठ्यानं खोकली. पंधरा दिवस जास्त वाटले असावेत, तिला उगाच घाई असते. पण आक्काला इंजिनाचं खरंच कळतं.